मांडवाचा छेद

"किती दिलदार जागा आहे ही," पडद्यावरची बाई म्हणाली, आणि संघप्रियाच्या उजव्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. बाई बोलली होती इंग्रजीत, पण तो शब्द डोक्यात पडता पडताच मराठी झाला होता. स्कॉटलंडमधल्या आर्किटेक्चर कॉलेजची मुलाखत चालली होती. बाईच्या मागे उंच खिडकी होती, तिच्यातून येणारा करडा, थंड उजेड बाईच्या पांढऱ्या केसांवर पडला होता, आणि इकडे चंद्रपुरात एप्रिलच्या उन्हानं भिंतीसुद्धा हात लावू देत नव्हत्या. संघप्रियानं पाठवलेलं चित्र पडद्यावर उघडं होतं. गावातल्या मांडवाचा छेद, म्हणजे मांडव वरून खाली मधोमध कापला तर आतून कसा दिसेल ते. सागाचे खांब, त्यांवर बांबूची जाळी, तिच्यावर पत्रा, आणि पत्र्याखाली पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघांनी भरत नेलेली सावली. "भिंत नाही, दार नाही," बाई सांगत होती, "कुणालाही आत घेणारी जागा." ती मनापासून बोलत होती, तिचे डोळे खरोखर चमकत होते. संघप्रिया हसली, थँक यू म्हणाली. स्वयंपाकघरात आत्या मिरची कुटत होती. खलबत्त्याचा एकेक घाव दारातून आत येत होता आणि मागोमाग तिखट वास. घशात खोकला दाटला होता आणि तो दाबून ती वारा कुठल्या दिशेनं येतो, पत्रा कसा तापतो आणि बांबू ती धग कशी अडवतो, ते नीट, पाठ केल्यासारखं सांगत राहिली. कुणालाही आत घेणारी जागा. खरंच होतं ते. सगळं गाव मावलं होतं तिथं. सगळ्या बाजू उघड्या होत्या म्हणून तर सगळ्यांना नीट दिसलं होतं. बाई, तो डावीकडचा दुसरा खांब आहे ना, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि जिभेवरच राहिलं. मुलाखत छान झाली.

गाव जिवतीच्याही वर, डोंगरावर होतं. घरात कुणी त्याचं नाव घेत नसे, नुसतं 'वर' म्हणत. तिचे वडील नागसेन शिकून खाली आले, सरकारी कचेरीत लागले, चंद्रपुरात त्यांनी घर केलं. त्यांची मोठी बहीण बायनाबाई नवऱ्यामागं एकटीच वर राहिली, कापूस आणि तूर करत. संघप्रियाच्या सगळ्या सुट्ट्या आत्याकडेच गेल्या. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात तिला इमारती मोजायचं वेड लागलं, आणि वर मोजण्यासारखी एकच गोष्ट होती, लग्नाकार्याचा आणि गावसभेचा तो कायमचा मांडव. टेपचं दुसरं टोक प्रफुलनं धरलं होतं. त्याचं गावात बियाण्याचं, खताचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की तो कुणाच्याही कामाला हात लावी. "घट्ट धर, प्रफुलभाऊ," ती म्हणायची, आणि तो खांबाला अंगठ्यानं टेप दाबून धरायचा, नख पांढरं पडेपर्यंत. त्याची लहानगी पोरगी टेपच्या खालून वाकून इकडून तिकडे पळायची, मग आत्या भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन यायची आणि पोरीला मांडीवर घेऊन घास भरवायची. भर दुपारी पत्र्याखाली इतकं गार वाटायचं की संघप्रियानं त्याच जागेवर पालथं पडून ती सावली कागदावर उतरवायला घेतली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात वर तापाची साथ आली. गावातली तीन माणसं गेली, त्यात प्रफुलची पोरगीही. तिला जिवतीच्या दवाखान्यात नेलं, तिथून खाली न्यायच्या आधीच ती गेली. मग एका बाईच्या अंगात आलं आणि तिनं घुमत घुमत करणी करणारीचं नाव घेतलं, बायनाचं. पोरीनं तिच्या हातचं खाल्लं होतं, हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत संघप्रिया आत्याकडे असताना, सकाळी आत्या कापूस वेचायला जायला डोक्याला फडकं बांधत असतानाच, ते आले. आपले होते, परके होते, लग्नात पंक्तीला वाढणारे होते. आत्याला त्यांनी मांडवात नेऊन डावीकडच्या दुसऱ्या खांबाला बांधलं. दोरी प्रफुलच्या दुकानातली होती, निळी, नायलॉनची, आणि ती प्रफुलनंच ओढून धरली होती, तशीच, नख पांढरं पडेपर्यंत. त्यानंतरचं संघप्रियाला सलग आठवत नसे. पण एक गोष्ट आठवायची आणि ती आठवली की तिला आपलीच किळस यायची. ऊन चढत गेलं तसतसे मारणारे सरकत सरकत पत्र्याखाली आले. काठी उगारायची ती सावलीत उभं राहून. एक जण थकला की बाजूला होऊन खांबाला टेकायचा, घाम पुसायचा, पाणी प्यायचा. तिनं मोजलेली, रेघारेघांनी भरलेली ती सावली चोख काम करत होती. प्रत्येक फटक्याला आत्याच्या लुगड्यातून धुळीचा लोट उठायचा आणि उन्हाच्या तिरपेत सोन्यासारखा चमकायचा. संघप्रिया मध्ये घुसली, हात वर केला, आणि हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिनं आधी ऐकला, दुखलं नंतर. पोलिसांची गाडी येईपर्यंत आत्याचे पुढचे दात गेले होते आणि कमरेत काहीतरी कायमचं बिघडलं होतं. ती खाली चंद्रपुरात आली ती पुन्हा वर गेलीच नाही. फार बोलतही नसे. कांडायचं, कुटायचं, ठेचायचं काम मात्र मागून घ्यायची. प्लास्टर निघाल्यावर संघप्रियानं मांडवाचा छेद पुन्हा काढला, जरा वाकड्या बसलेल्या हातानं, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला आला. त्यात माणसं काढली नाहीत. का ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

विचारलं ते ऑस्ट्रेलियातल्या, तिनं अर्ज केलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या माणसानं. मुलाखतीत सारखा खोकणारा, चुरगळलेल्या शर्टातला माणूस. "चित्रात माणसं का नाहीत? इथं काय होतं?" तो म्हणाला. "लग्नं," ती म्हणाली. तो थांबून राहिला, पुढं काही येईल म्हणून. त्या थांबण्याबद्दल तिला त्याचा इतका राग आला की ते कॉलेज तिनं तिथल्या तिथं मनातून काढून टाकलं. स्कॉटलंड तिला हवं होतं. तो करडा उजेड हवा होता, ज्यात कुठल्याच गोष्टीची सावली पडत नाही. पण मे महिन्यात दोन्हीकडून होकार आला, दोन्हीकडून शिष्यवृत्ती, आणि फरक उरला तो एवढाच की स्कॉटलंडचे वर्ग सप्टेंबरात सुरू होत होते आणि ऑस्ट्रेलियाचे फेब्रुवारीत. मधल्या दिवसांत, दसऱ्यानंतर, राजुऱ्याच्या कोर्टात खटला उभा राहायचा होता. सगळे आरोपी जामिनावर सुटलेले होते. ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी एकेक करून आपण शेतात होतो असं सांगितलं होतं. उरल्या होत्या दोघी, एक बांधलेली आणि एक हात मोडलेली.

"स्कॉटलंडले हो म्हनून टाक," नागसेन म्हणाले.

"आन साक्ष?"

"बायना देईन ना साक्ष."

"तिले उलटतपासणीत फाडून खातीन, बाबा. घरात बोलत नाई ते, कोर्टात बोलन?"

"व्हिडिओवरून देता येते म्हने आता."

पण सरकारी वकील म्हणाले होते की तसा अर्ज करता येईल, मंजूरही होईल, मात्र लाइन तुटते, समोरचा वकील त्यावरच वेळ काढतो, आणि माणूस पिंजऱ्यात उभं राहून बोलतं ते वेगळंच. नागसेननी ते ऐकलं होतं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तुले त्या डोंगरापासून लांब न्यासाठी मी जल्मभर धडपडलो. आता तू मागं पाहू नको." तिची आई, सत्यशीला, सरकारी दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून आलेली, साडीही न बदललेली. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या दोघंही." संघप्रियाला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं लगेच छातीत काट्यासारखं रुतलं. कारण बाबा जे म्हणत होते तेच तिला हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी प्रफुल आला. हातात चारोळ्यांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. दारात चपला काढून, हात जोडून उभा राहिला आणि नागसेननी, कसं कोण जाणे, त्याला बस म्हटलं. सवयीनं म्हटलं असेल. तो खुर्चीच्या कडेवर बसला. सत्यशीला दारातच थांबली. आतला खलबत्ता बंद पडला. संघप्रिया जमिनीवर बसून पुठ्ठा कापत होती. ऑस्ट्रेलियावाल्यांनी प्रवेश घ्या न घ्या पण एखाद्या वास्तूचा छोटा नमुना करून पाठवा म्हटलं होतं, आणि तिनं करायला घेतला होता तो पुन्हा मांडवच. हातातली स्टीलची पट्टी तिनं खाली ठेवली नाही.

"भाऊ, झालं ते झालं," प्रफुल म्हणाला. "माही पोरगी गेली होती. तवा मले काईच दिसत नोव्हतं. आपसात मिटवून टाकू."

"मिटवायचं असतं त कोर्ट कायले असते?" नागसेन म्हणाले, पण हळू.

"ऐकलं का संघू बाहेर देशात जाऊन राह्यली. लय चांगलं झालं. जाऊ द्या तिले. कोर्टाच्या पायऱ्या चढायचं वय हाये का तिचं? शिकू द्या." तो तिच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हेच भयंकर होतं. "मी त रोज म्हनतो, पोरीचं भलं होऊ दे. लवकर जाऊ दे."

तिच्या कानात काहीतरी गुणगुणायला लागलं. तिनं जे मागितलं होतं, बाबांनी जे मागितलं होतं, तेच हा माणूस रोज मागत होता. ती विमानात बसली की हा सुटणार होता. दोघांची वाट एकाच दिवशी मोकळी होत होती. त्या करड्या उजेडात ती रेघा ओढत बसेल आणि इथं हा सावलीत उभा राहून घाम पुसेल. आणि तेवढ्यात प्रफुलचं लक्ष नमुन्याकडे गेलं, तो जरासा हसला, अगदी पहिल्यासारखा, वाकला आणि त्यानं एका खांबावर अंगठा ठेवला. "हे आपलाच मांडव होय ना? मीच त मापं..."

पट्टी कडेवर उभी होऊनच खाली आली. एकदा. पुन्हा. पुठ्ठा चिरडला, खांब मोडले, आणि त्यांच्यात त्याची बोटं होती. रक्त आलं ते लगेच नाही, आधी चामडी पांढरी उघडली, मग भरभरून. प्रफुल ओरडला नाही. त्यानं हात मागं घेतला नाही. "मार," तो म्हणाला, "मार, माय." आणि तिनं तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तिला खांद्यापासून बोटांपर्यंत एक गोड, उबदार सैलपणा जाणवला, तहानेनं व्याकूळ झाल्यावर पाण्याचा पहिला घोट उतरतो तसा. किती सोपं होतं हे. किती बरं वाटत होतं. मनगटात इतके महिने ठुसठुसणारं जे होतं ते वाहून जात होतं. म्हणजे त्यांनाही असंच वाटलं असणार. मांडवात त्या एकेकाला, काठी उचलताना, हेच, अगदी हेच. तिचा हात हवेत थांबला.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मिरचीनं लाल झालेले हात लुगड्याला न पुसता. तिनं प्रफुलकडे पाहिलं, रक्ताकडे पाहिलं.

"थांबली काऊन?" ती म्हणाली. दात नसल्यानं शब्द वाऱ्यासारखे बाहेर आले. "अजून हान. हान त्याले."

संघप्रियानं आत्याला इतकं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मनात आलं, आत्यासाठी मारावं. नुसती एकदा पट्टी खाली आणायची, आत्याचं तोंड उजळेल, ती पुन्हा बोलायला लागेल. हात हलला नाही. मग नागसेननी मागून तिला धरलं, पट्टी हिसकली, ती त्यांच्याही तळव्यात घुसली. सत्यशीला औषधांची पेटी घेऊन आली आणि प्रफुलसमोर बसली. "हात वर धर. आनखी वर. टाके लागतीन," ती म्हणाली. दवाखान्यात कुणाशीही बोलावं तशा आवाजात. तिनं कापूस दाबला, पट्टी बांधली, गाठ मारली. तिचे हात स्थिर होते. आत्या वळली, आत गेली, आणि खलबत्ता पुन्हा सुरू झाला.

जाताना प्रफुलनं दारात चपला एका हातानं चढवल्या. "मी पोलिसात काई लिहून देत नाई," तो खाली बघत म्हणाला. "पासपोर्टच्या, व्हिसाच्या टायमाले अशी केस नडते म्हनतात. तूही कोर्टात काई बोलू नको. बरोबरी झाली." चारोळ्यांची पिशवी खुर्चीखालीच राहिली होती. सत्यशीलानं ती उचलून मोरीजवळच्या बादलीत उलटी केली.

बरोबरी. संध्याकाळपर्यंत तो शब्द तिच्या अंगावर माशीसारखा बसत-उठत राहिला. बरोबरी झालीच होती, पण तो म्हणत होता तशी नाही. आपल्या आत काय आहे ते तिनं पाहिलं होतं आणि ते तिच्यासोबत कुठंही येणार होतं, जिथं सावली पडत नाही तिथंही. तिनं स्कॉटलंडला नकार कळवला. फार विचार केला नाही, विचार केला असता तर कळवला नसता. त्या पांढऱ्या केसांच्या बाईचं उत्तर आलं, खूप वाईट वाटलं, कारण कळेल का. संघप्रियानं लिहिलं, कोर्टात काम आहे. मग ऑस्ट्रेलियाला होकार दिला. आता ते कॉलेज तिला आवडायला लागलं होतं म्हणून नव्हे, ते फेब्रुवारीत उघडत होतं म्हणून. नागसेन दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तळव्याची पट्टी सोडून घेता घेता म्हणाले, "माह्यासारखी भित्री निघाली असती त बरं झालं असतं." ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. पट्टीखालची जखम तिला बघवेना.

कोर्टात आरोपींच्या वकिलानं तिला पहिला प्रश्न विचारला तो बोटांचाच. बरोबरी मोडायची तिची तयारी दिसताच प्रफुलनं तक्रार दिली होती. "तुम्ही माझ्या अशिलाला मारहाण केली, हे खरं आहे का?"

"हो," ती म्हणाली. "स्टीलच्या पट्टीनं. दोनदा."

वकिलाला नकाराची सवय असावी. त्यानं हातातला कागद उलटला. "म्हणजे तुमच्या मनात त्यांच्याबद्दल राग आहे."

"आहे. आजही आहे. पण दोरी त्यांनीच धरली होती." आणि मग कोण कुठल्या खांबापाशी उभं होतं, ऊन कुठून येत होतं, कुणाच्या हातात काय होतं, सगळं ती सांगत गेली. पत्र्याखालची ती रिकामी जागा तिच्या तोंडून माणसांनी भरत गेली, एकेकाच्या नावानं. सांगताना तिला बरं वाटलं नाही. घसा सोलून निघाला. आत्याची साक्ष त्याआधीच झाली होती. "हे होते," एवढंच ती म्हणाली होती, समोरच्या बाकाकडे बोट करून. वकिलानं किती फिरवून विचारलं तरी, "हे होते." निकाल अजून लांब होता. व्हिसाचं काय होईल तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

बाहेर, राजुऱ्याच्या स्टँडवर, नागसेन चंद्रपूरची गाडी शोधत होते तेव्हा आत्या सरळ चालत जाऊन जिवतीकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसली.

"बाई, उतर," नागसेन धावत आले. "वर कुठी चालली? जीव घेतीन तुहा!"

"घर हाये माह्यं," आत्या म्हणाली. "तुह्या घरी मी किती दिवस मिरच्या कुटू?"

नागसेन रस्त्यातच उभे राहिले, हातवारे करत, माणसं बघत असताना. संघप्रियानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी कडी घेतली, मोठी, आडवी सरकणारी, स्क्रू घेतले, पेचकस घेतला, आणि ती आत्याशेजारी जाऊन बसली. कारण तिला आत्ताच, नुकतंच आठवलं होतं की आत्याच्या दाराला आतून कडीच नव्हती. बाहेरून साखळी होती, शेतात जाताना लावायची. आतून लावायची गरज कधी कुणाला वाटली नव्हती. त्या सकाळी ते दार नुसतं ढकलून आत आले होते.

वर पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. अंगणात गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. लाकूड जुनं, सुकून दगड झालेलं. पेचकस फिरेना, प्रत्येक पिळाला तिचा हात कोपरापर्यंत ओरडत होता. तरी ती फिरवत राहिली. मागं गल्लीत एकेक माणूस येऊन उभं राहायला लागलं. त्यातल्या काही चेहऱ्यांची नावं तिनं सकाळीच घेतली होती. शेवटचा स्क्रू बसला तशी आत्या पुढं आली, कडी सरकवून पाहिली, पुन्हा मागं घेतली. मग ती उंबरा ओलांडून आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. आत लोखंड लोखंडात बसल्याचा खट्कन आवाज आला.

संघप्रिया बाहेर राहिली. मग आतून आत्या ओरडली. इतक्या महिन्यांत, मांडवातसुद्धा, ती अशी ओरडली नव्हती. शब्द नव्हते त्यात. गल्लीतली माणसं दोन पावलं मागं सरकली. संघप्रियानं दार वाजवलं नाही, उघड म्हणून हाक मारली नाही. ती वळली आणि दाराला पाठ लावून, पेचकस मुठीत धरून, त्या सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.